बाळाजवळ जागलेल्या बायका

माझ्या आजोबांचं नाव धोंडू आणि त्यांच्या धाकट्या भावाचं केरबा. वाईजवळच्या आमच्या गावात प्रत्येक आळीला एखादा दगडू, एखादा भिकू होताच, त्यामुळे लहानपणी या नावांचं काही वाटायचं नाही. अशी नावं का, ते आजीनं सांगितलं. आजोबांच्या आधीची तीन लेकरं तान्हेपणीच गेली होती. चौथं झालं तेव्हा घरच्या म्हातारीनं त्याला सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवलं, शेजारणीनं उचललं, आणि आईनं पायलीभर ज्वारी देऊन आपलंच लेकरू परत विकत घेतलं. हे मूल या घरचं नाहीच, कुणीतरी टाकलेलं आहे, असं मृत्यूला वाटावं म्हणून ही सगळी खटपट. नाव ठेवतानाही तीच काळजी. दगड, धोंडा, केर. ज्याच्यावर कुणाची नजर ठरणार नाही असं काहीतरी.

बारसं बाराव्या दिवशी. त्याआधी गेलेल्यांना नावच नसायचं. आजीची स्वतःची पहिली मुलगी अशीच बिननावाची गेली.

ती गोष्ट आजी फार क्वचित सांगायची, पण सांगायची तेव्हा काही गाळायची नाही. मुलगी चांगली गुटगुटीत झाली होती. पहिल्याच दिवशी मोठ्यांदा रडली, अंगावर लागली तेव्हा ओढूनओढून प्यायली. सुईणीनं नाळ घरातल्या विळ्यानं कापली आणि वर शेणीची राख दाबली. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पूजा झाली, कोरा कागद आणि बोरू ठेवला, सटवाई येऊन कपाळी लिहून जाईल म्हणून बायकांनी रात्र जागवली. सातव्या दिवशी सकाळी मुलगी ओढेना. तोंडात बोट घालायला गेले तर जबडा उघडेना. जरा आवाज झाला, कुणी हात लावला, की अंग ताठ होऊन पाठ कमानीसारखी वाकायची. दोन दिवसांत सगळं संपलं. पाचवीच्या पूजेत काहीतरी राहिलं असं सगळ्या म्हणाल्या, आणि आजी पुढची कित्येक वर्षं पूजेत काय राहिलं असेल ते आठवत राहिली.

तिच्या शंकेचं उत्तर तिच्याच लेकीनं आणलं. माझी आत्या परिचारिका झाली. शिकत असताना सुट्टीला घरी आली तेव्हा तिनं आईला धनुर्वात समजावून सांगितला. या रोगाचे जंतू मातीत आणि शेणात असतात, बीजरूपानं वर्षानुवर्षं टिकतात, नाळेच्या ताज्या जखमेतून आत शिरले की विष तयार करतात, आणि ते विष अंगात भिनून लक्षणं दिसायला बहुधा आठवड्याच्या आसपास वेळ लागतो. म्हणून पहिले दिवस मूल धडधाकट दिसतं. पाचवी-सहावीची रात्र आपल्याकडे इतकी भयाची का, त्याचा मोठा भाग मला या हिशेबात दिसतो. बायकांना तो दिवस बरोबर ठाऊक होता. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी त्याच सुमाराला मुलं जाताना पाहिली होती. कारण तेवढं ठाऊक नव्हतं.

आजीनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "म्हणजे विळा उकळला असता तर?"

आत्यानं तिला खरं तेच सांगितलं. विळा नको, कोरं पातं हवं; दोरा उकळलेला हवा; नाळेवर राख, शेण, हळद, तेल काहीही नको; आणि आईला दिवस असतानाच धनुर्वाताची सुई हवी, म्हणजे आईच्या रक्तातलं संरक्षण बाळाला पोटातच मिळतं. त्यानंतर आजी गावात प्रत्येक बाळंतपणाला जाऊन पात्याची चौकशी करायची. या रोगाचं माता आणि नवजात बालकांमधलं उच्चाटन भारतात झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. तो दिवस पाहायला आजी नव्हती. आत्या होती, आणि तिनं त्या संध्याकाळी मला मुद्दाम फोन केला.

मुलाच्या मरणातून औषधाच्या वाटेला लागलेली आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध बाई म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. पुढे १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. परत येऊन काम सुरू करण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयानं पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांचं नाव आपण अभिमानानं घेतो, आणि घ्यायलाच हवं. पण रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या बाईला तशी प्रतिष्ठा मिळायला फार वेळ लागला. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथून ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला बायका पाठवल्या, त्यांत विधवा होत्या. परक्याच्या अंगाला हात लावायचा, रक्त-मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं, हे त्या काळच्या पांढरपेशा घरांना सोसणारं नव्हतं. साठ वर्षं गेली तरी आमच्या घरात परिस्थिती फार बदलली नव्हती. आत्याचं नाव नर्सिंगला घालायचं ठरलं तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. आजीनं ऐकलं नाही. "माझी पोर का गेली ते हिला कळू दे," असं म्हणून तिनं ट्रंक भरली.

बाळंतिणीच्या खोलीवर या दोघींचं कधीच पूर्ण एकमत झालं नाही, आणि मला वाटतं दोघींचंही बरोबर होतं. आजीच्या मते ती अंधारी, ऊबदार, बाहेरच्या माणसाला मज्जाव असलेली खोलीच मुलाला राखायची. आत्या हे मान्य करायची. ऊब आणि कमी माणसांचा वावर, नवजात बाळाला याहून मोठं औषध नाही, असं ती म्हणे. पण त्याच खोलीत शेगडीचा धूर कोंडायचा आणि बाळाच्या कोवळ्या फुप्फुसात जायचा. जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालायचे आणि ते गार पडायचं. आईचा चीक जड म्हणून पिळून टाकायचे आणि तीन दिवस बाळाला मध किंवा गुळाचं पाणी चाटवायचे. चीक हे बाळाचं पहिलं रोगप्रतिबंधक आहे हे पटवायला आत्याला आपल्याच वहिनीशी, म्हणजे माझ्या आईशी भांडावं लागलं. बाळगुटीवरही तिचा राग होता. वेखंड, जायफळ, हळकुंड, बाळहिरडा सहाणेवर उगाळायचे. सहाण धुतलेली नसायची, पाणी कुठलं ते कुणी विचारायचं नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, यावर ती शेवटपर्यंत ठाम राहिली. तेलाच्या मालिशीला मात्र तिनं कधी विरोध केला नाही. हलक्या हातानं चोळा, नाकाकानात तेल सोडू नका, एवढंच.

आणि मग अठमाशीचा प्रश्न. सातमाशी जगतं, अठमाशी जगत नाही, ही समजूत आमच्याकडे इतकी पक्की होती की आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या की घरातली माणसं आधीच हातपाय गाळून बसत. आत्याला या समजुतीची चीड होती. पोटातला प्रत्येक आठवडा बाळाला बळ देतो; आठव्या महिन्यात झालेल्याला सातव्या महिन्यातल्यापेक्षा जगण्याची संधी जास्तच असते. फुप्फुसं अधिक तयार असतात, चोखण्या-गिळण्याचा मेळ बसायला लागलेला असतो. पण सातमाशी म्हणून ज्याला कापसात गुंडाळून, सुपात ठेवून, दिवसरात्र जपायचे, तेच अठमाश्याला नशिबावर सोडून द्यायचे, मग ते जायचं आणि समजूत अजून घट्ट व्हायची. हे माझं अनुमान नाही, आत्याचं आहे. तिनं ते ज्या घरांतून पाहिलं त्यांत आमचंही होतं.

आमचा एक चुलता सातमाशी. आजीनं त्याला वाढवलं. ओंजळीत मावायचा, रडणं मांजरीच्या पिलाइतकं. आजी त्याला पातळाच्या आत छातीशी बांधून ठेवायची, कारण शेगडीच्या उबेपेक्षा अंगाची ऊब सारखी राहते असा तिचा अनुभव. दूध ओढायची ताकद नव्हती म्हणून बोंडल्यानं थेंबथेंब पाजायची. कोलंबियात बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉक्टरांनी काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून अपुऱ्या दिवसांची बाळं आयांच्या छातीशी उघड्या अंगानं बांधायला सुरुवात केली. आज तीच पद्धत कांगारू मातृसेवा म्हणून जगभर वापरतात. २०२१ मध्ये भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले: बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यानंतर लगेच छातीशी धरलं तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू सुमारे पाव हिश्शानं कमी होतात. आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं फक्त त्या पोराला खाली ठेवायचं नाकारलं होतं.

आत्याची सगळी नोकरी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत गेली. तिच्याकडून मी ऐकलं की या खोलीतलं काम म्हणजे मुख्यतः पाहणं. हाताच्या मागच्या बाजूनं आधी पोट आणि मग तळपाय चाचपायचे: पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळ ऊब टिकवायला झगडतंय, दोन्ही गार, म्हणजे धोका. अपुऱ्या दिवसांचं बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरतं. वीस सेकंद छाती हलली नाही की पावलाला टिचकी मारून त्याला आठवण करून द्यायची, आणि तरीही हललं नाही तर मास्क आणि फुगा. दूध नळीतून सोडताना पिचकारीनं ढकलायचं नाही, उंच धरून आपोआप उतरू द्यायचं, आणि पुढच्या वेळी आधीचं पचलंय का ते पाहायचं. बांगड्या, घड्याळ, अंगठी काढून कोपरापर्यंत हात धुवायचे, प्रत्येक बाळाआधी, प्रत्येक वेळी. हात न धुता शिरलेल्या एका माणसापायी शेजारशेजारच्या पेट्यांमधली बाळं एकामागून एक आजारी पडलेली तिनं पाहिली होती. "पोरं जंतूनं मरतात, पण जंतू आपल्या हातानं चालत येतो," असं ती नव्या मुलींना सांगायची.

ऑक्सिजनचंही तसंच. पूर्वी पाश्चात्त्य देशांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सढळ हातानं ऑक्सिजन दिला जाई आणि त्यातली हजारो मुलं आंधळी झाली. १९५०च्या दशकात कारण उमगलं. तेव्हापासून किती द्यायचा आणि कधी कमी करायचा, हे जपून ठरवायची गोष्ट झाली, आणि ते ठरवलेलं पाळणारी व्यक्ती म्हणजे पेटीजवळची सिस्टर.

सिस्टरच्या पाहण्याचं एक उदाहरण आत्याला फार प्रिय होतं. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना चांगल्या हवेसाठी बाहेर अंगणात न्यायच्या. १९५६ च्या सुमारास त्यांनी एक कावीळ झालेलं बाळ डॉक्टरांना उघडून दाखवलं: अंग फिकट झालं होतं, पण चादरीचा कोपरा पडला होता तेवढाच त्रिकोण पिवळाधमक राहिला होता. उजेडानं नवजाताची कावीळ उतरते, हे त्यातून पुढे सिद्ध झालं, आणि आज तालुक्याच्या दवाखान्यातही निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाळं दिसतात. (कोवळ्या उन्हात धरणं हा त्याला पर्याय नव्हे. बाळाचे तळहात-तळपाय पिवळे दिसले, किंवा पहिल्याच दिवशी कावीळ दिसली, तर दवाखान्यात न्यायलाच हवं. हे मी आत्याच्या वतीनं लिहिते आहे.)

मुंबईतल्याच शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्यांना जास्त दूध येतं त्या आयांचं दूध गोळा करायचं, ६२.५ अंशावर अर्धा तास तापवायचं, गोठवून ठेवायचं, आणि ज्यांच्या आईला दूध नाही त्या नाजूक बाळांना द्यायचं. आत्या हे सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. कारण डब्याच्या पावडरीवर ठेवलेली बाळं जंतुसंसर्गानं जाताना तिनं पाहिली होती, आणि दुसऱ्या बाईच्या दुधावर जगलेली बाळंही. आजीला मात्र यात नवल वाटलं नाही. गावात बाळंतीण गेली की शेजारीण त्या लेकराला अंगावर पाजायचीच.

घरी गेलेल्या बाळाचं काय, हा प्रश्न आत्याला कायम छळायचा. पेटीतून सुटलेलं बाळ दोन महिन्यांनी डबा होऊन परत यायचं. डबा म्हणजे न्यूमोनिया: पोरगं धापा टाकतं, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते, पोट फुगून दिसतं. आमच्याकडे त्यावर बिब्बा घालायचे. मेळघाटात तापलेल्या विळ्यानं पोटावर डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. डागलेल्या पोटाची बाळं पाहून आत्या संतापायची, आयांवर नव्हे, त्यांच्या गावात दुसरं काहीच उपलब्ध नसल्यावर.

म्हणून गडचिरोलीच्या कामाची बातमी तिला जवळची वाटली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. बाळाचा श्वास मिनिटाला किती, यावरून न्यूमोनिया ओळखता येतो: दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस. पण ज्या सुईणींना आकडे येत नव्हते त्यांनी मोजायचं कसं? त्यांच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर पोचलात तर न्यूमोनिया. त्यांना दहापर्यंत मोजता येत होतं, तेवढं पुरलं. पुढे १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून शिकवलेल्या बायका घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासू लागल्या. वजन, ताप, श्वास, पिणं. न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, गार बाळाला ऊबदार पिशवीत ठेवणं, आणि जंतुदोषाची खूण दिसली तर आईवडिलांच्या संमतीनं जेंटामायसिनचं इंजेक्शन. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. २०११ पासून हीच घरपोच नवजात सेवा देशभरातल्या गावोगावच्या 'आशा' सेविकांच्या कामाचा भाग झाली.

आत्या ती बातमी वाचून म्हणाली, "आम्ही पेटीजवळ जे पाहतो तेच या पोरी झोपडीत पाहताहेत." न रडणाऱ्या बाळाशी आजीच्या काळात काय करायचे ते तिनं मला तेव्हाच सांगितलं: थाळी वाजवायची, नाकाशी कांदा फोडायचा, नाळ तशीच ठेवून वार निखाऱ्यावर शेकायची. पहिलं मिनिट असं निघून जायचं. पुसणं, पाठ चोळणं आणि फुग्यानं श्वास देणं, एवढ्यानं त्यातली बहुतेक रडली असती.

बाकीच्या बालरोगांविषयी आजीजवळ सांगण्यासारखं खूप होतं. जुलाब लागले की पाणी तोडायचे, आणि पोर सुकून जायचं. उपाय नेमका उलटा होता: १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्या हातानं पाजून पटकीच्या रुग्णांमधला मृत्यूचा दर सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणला. गोवर म्हणजे देवीचा कोप; घरात फोडणी बंद, दाराला कडुलिंब. निवांतपणा आणि बाहेरच्यांना मज्जाव, हे त्यातलं चांगलं. पण जेवण तोडायचे, आणि अशक्त मूल मग न्यूमोनियानं जायचं. लस येऊन दशकं झाली तरी २०२२ मध्ये गोवंडीत गोवरानं मुलं दगावली. ती लस न पोचलेल्या वस्त्यांमधली होती.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा गेली, सात वाचली. आत्याला तेव्हा निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती. ती रात्री उठून बसायची आणि म्हणायची, किती बाळांमागे किती मुली होत्या तिथे? तिच्या सगळ्या नोकरीत हा एकच हिशेब तिनं वरिष्ठांपुढे पुन्हापुन्हा मांडला होता. श्वासाच्या यंत्रावरच्या बाळाजवळ एक सिस्टर फक्त त्याचीच हवी. नाजूक पण स्थिर असलेल्या तीन-चार बाळांना एक. आणि रात्रपाळीला दिवसाइतक्याच. यंत्र विकत आणायला पैसे मिळतात, त्याचं उद्घाटन होतं, फोटो छापून येतो. यंत्राजवळ उभी राहणारी मुलगी कंत्राटावर असते, एकीवर तिघींचं काम असतं, आणि ती सोडून गेली तर जागा वर्षभर रिकामी राहते. आमच्या गावात आज आशा पहिल्या बेचाळीस दिवसांत ठरलेल्या दिवशी येते, वजनाची झोळी खुंटीला लावते, बाळाचा श्वास मोजते आणि आईला विचारते, नीट ओढतंय ना? ती पगारी कर्मचारी नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला मिळतो आणि तोही उशिरा. तिची जागा पगाराची व्हावी, आणि जिल्ह्याच्या नवजात कक्षातल्या रिकाम्या जागा भराव्यात, हे दोन अर्ज आत्यानं मला लिहायला लावले. ते दिले आहेत. उत्तर आलेलं नाही, आणि मी पुन्हा देणार आहे.